अंबाजी झाला

माणसाला शेजाऱ्याच्या बंगल्याचा हेवा वाटतो, भावकीतल्या कुणाच्या बढतीचा वाटतो, झालंच तर मित्राच्या न गळणाऱ्या केसांचा वाटतो. कर्नल रामचंद्र थळे यांना आयुष्यभर हेवा वाटला तो एका क्रियापदाचा. बरं, क्रियापदही असं की कुठल्या शब्दकोशात सापडायचं नाही. ते चालतं शेंदरखार या गावात. किहीमच्या अलीकडे, खाडीच्या अंगाला, जुन्या मिठागरांना लागून हे आगरी लोकांचं गाव आहे.

शेंदरखारात एखादं काम अगदी शेवटच्या घटकेला फसलं की लोक म्हणतात, ‘अंबाजी झाला’. लग्न साखरपुड्यापर्यंत येऊन मोडलं, अंबाजी झाला. खडीचा ट्रक मुंबईहून धड आला आणि घराच्या दारात रुतला, अंबाजी झाला. पोरगं एका गुणाने नापास झालं, त्याचाही अंबाजीच. गंमत म्हणजे अंबाजी घरत हा चांगला हाडामांसाचा माणूस आहे, गावातच राहतो, रोज सकाळी दूध आणायला जातो, आणि निम्म्या पोरांना हे ठाऊकही नाही. त्यांना वाटतं, असेल कुठला तरी जुना शब्द.

हा शब्द जन्माला आला त्या दिवशी रामचंद्र तिथे हजर होता. नुसता हजर नव्हता, त्याच्याशिवाय तो जन्मालाच आला नसता. खरं दुखणं तिथेच आहे.

१९७९ सालची गोष्ट. रामचंद्र अलिबागला कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला होता, कॉलेजच्या कबड्डी संघाचा कर्णधार होता आणि विद्यापीठाच्या संघातही गेला होता. त्याची मागे टाकलेली टांग बघायला पेणहून माणसं यायची, असं तो स्वतः सांगतो आणि ते खोटं नाही. अंबाजी त्याच्याच आळीतला, त्याच्याच वर्गातला. दोघे बरोबर खेळायचे. पण बाप अंथरुणाला खिळल्यावर अंबाजीने कॉलेज सोडलं आणि तो मिठागरावर कामाला लागला. त्या वर्षी गावच्या जत्रेतल्या सामन्यांत कॉलेजने संघ उतरवला आणि अंतिम सामना पडला तो कॉलेज विरुद्ध शेंदरखार. रामचंद्र स्वतःच्या गावाविरुद्ध उभा राहिला, म्हणून त्याच्या सख्ख्या आत्यानेही त्याच्याकडे पाठ फिरवून सामना पाहिला.

दोन्ही संघांचे गुण सारखे होते आणि शेवटची चढाई रामचंद्रची. त्याने उजव्या कोपऱ्यातल्या गड्याला टांगेने टिपलं, वळला आणि मध्यरेषेकडे झेपावला. डाव्या कोपऱ्यातून अंबाजीने सूर मारला आणि त्याचा घोटा धरला. रामचंद्र पालथा पडला, हात लांब केला, तोंडाने दम चालूच होता. बोट रेषेला लागलं तर कॉलेज जिंकलं, नाही लागलं तर गाव. पंचाने शिट्टी मारली आणि रामचंद्रला बाद दिलं. बोट पेरभर अलीकडे होतं, असं पंच म्हणाला. रामचंद्र म्हणाला, टेकलं होतं. भांडण मिटवायला रेषा बघावी तर फक्कीची ती रेषा झटापटीत पार पुसून गेली होती.

अंबाजीला लोकांनी खांद्यावर घेतलं. दुसऱ्या दिवशी सोनूबाई नावाच्या म्हातारीची म्हैस सगळं रान फिरून आली आणि गोठ्याच्या उंबऱ्यात अडून बसली. सोनूबाई हात कमरेवर ठेवून म्हणाली, “हिचा पन अंबाजी झाला.” गाव खो खो हसलं. एवढ्यावर हे संपायला हवं होतं. संपलं नाही.

रामचंद्र फौजेत गेला. मद्रासला प्रशिक्षण झालं, खांद्यावर तारे लागले. लष्कराच्या संघातून तो चार-पाच वर्षं खेळला, पुढे गुडघा गेला तसा खेळ सुटला, पण चाकरी जोरात झाली. राजस्थानची वाळू झाली, लडाखचा बर्फ झाला. एकदा तिकडे वरच्या खिंडीत रसदीचा ट्रक चौकीपासून हाकेच्या अंतरावर बंद पडला आणि वायरलेसवर आवाज आला, “साहेब, गाडीचा अंबाजी झाला.” बोलणारा जवान आपल्याच जिल्ह्यातल्या तळे गावाकडचा होता. शेंदरखार त्याने जन्मात पाहिलेलं नव्हतं. मेजर रामचंद्र थळे यांनी त्याला अधिकृत संभाषणात गावठी शब्द वापरल्याबद्दल असं काही झापलं, की तो बिचारा पुढे महिनाभर शुद्ध हिंदीत बोलत होता.

त्या दिवसापासून, म्हणायचं तर, रामचंद्रच्या पोटात दुखायला लागलं ते कायमचं. देशासाठी खेळायचं राहिलं, ते तो विसरला होता. मद्रासचा वर्गमित्र ब्रिगेडियर झाला, तेही त्याने गिळलं. पण कॉलेज अर्धवट सोडलेला, जिल्ह्याच्या संघातही कधी न गेलेला एक मिठागरवाला एका पकडीवर लोकांच्या तोंडात जाऊन बसतो आणि ती पकडही आपल्याच घोट्याची, हे काही त्याच्याने गिळवेना. आपण मेल्यावर आपलं नाव पाटीवर राहील, कुणी पुसलं नाही तर. अंबाजीचं नाव बायका भांडी घासताना घेतील.

निवृत्तीनंतर त्याने किहीमजवळ चार नारळांच्या मधे छोटं घर बांधलं आणि लिहायला बसला. फौजेत असतानाच त्याला जुन्या खेळांच्या नोंदी गोळा करायची सवय लागली होती. पलटणींतल्या कुस्त्यांवर त्याने लिहिलेल्या पुस्तकाचं पुण्यात कौतुक झालं, दोन व्याख्यानं झाली, आणि लोक त्याला क्रीडा इतिहासकार म्हणू लागले. मग त्याने किनाऱ्यावरच्या कबड्डीचा इतिहास हाती घेतला. त्याची शिस्त कडक होती. एका माणसाच्या साक्षीवर तो काही लिहीत नसे, आणि ज्या साक्षीदाराचा गोष्टीत स्वार्थ आहे त्याचा स्वार्थ पानावरच लिहून टाकत असे. लष्करी चौकशा केलेला माणूस तो.

या पुस्तकासाठी तो जिथे जाई तिथे तो शब्द आधीच पोहोचलेला असे. दिघीच्या धक्क्यावर आगरदांड्याला जाणारी फेरी त्याच्या डोळ्यांदेखत सुटली आणि मासळीची टोपली घेऊन धावत आलेली बाई त्याच्याकडे बघून म्हणाली, “काका, आपला दोघांचा अंबाजी झाला.” रामचंद्रने तिला विचारलं, हा अंबाजी कोण? तिला ठाऊक नव्हतं. तो मनातून इतका खूश झाला की तिला त्याने पुढच्या फेरीपर्यंत लिंबू सरबत पाजलं. मग त्याच्या लक्षात आलं की माणूस विसरला गेला आणि शब्द उरला, ही तर त्याहून मोठी कीर्ती.

गावच्या शाळेत त्याला प्रमुख पाहुणा म्हणून बोलावलं. मुख्याध्यापकांनी पदकांसकट ओळख करून दिली, टाळ्या झाल्या. एक मुलगी श्रीफळ घेऊन पायऱ्या चढू लागली आणि शेवटच्या पायरीवर अडखळली. श्रीफळ गडगडत खाली गेलं आणि तीनशे पोरं एका सुरात ओरडली, “अंबाजी!” रामचंद्र हसला. चारचौघांत हसावंच लागतं. घरी येऊन त्याने शाल खुर्चीवर फेकली, तेव्हा त्याची बायको नेत्रा म्हणाली, “अहो, तुम्हाला नक्की काय हवंय? तुमच्या नावाने पोरं अडखळायला हवीत का?”

काय हवंय ते त्याला पक्कं ठाऊक होतं. बोट रेषेला टेकलं होतं, याचा पुरावा हवा होता. टेकलं होतं असं ठरलं तर ती पकड पकड नव्हतीच, शब्द खोट्या पायावर उभा आहे, आणि तसं छापील पुस्तकात आलं की अंबाजीचं आसन हललं. त्यासाठी त्याने काय नाही केलं? पंच वारला होता. पंचाच्या मुलाला गाठलं, त्याला त्या सामन्याचं काहीच माहीत नव्हतं. उजव्या कोपऱ्यातला गडी आखातात जाऊन तिथेच राहिलेला, तो फोनवर म्हणाला, मी तर आधीच बाद होऊन पाठमोरा चाललो होतो. बाकीच्यांनी ज्याला जे आवडलं ते सांगितलं. राहता राहिला एकच साक्षीदार, आणि त्याच्या दारात जायला रामचंद्रचे पाय तयार नव्हते. वाटेत भेटले की दोघे “काय, बरं?” “बरं” एवढं बोलत. नेत्राने शेवटी वैतागून सांगितलं की एक तर त्या माणसाला जाऊन विचारा, नाहीतर ते प्रकरण फाडून टाका, मला जेवताना रोज कबड्डी नको.

तो गेला. अंबाजीचा मुलगा परेश आता बंदरावर ट्रक चालवायला देतो, त्याने बापाला स्लॅबचं घर बांधून दिलंय. हेही रामचंद्रच्या नजरेतून सुटलं नाही. ओट्यावर अंबाजीची बायको कोकिळा वाल सोलत होती. “भावोजी, वाट चुकला काय?” असं म्हणून तिने खुर्ची दिली. अंबाजी आतून आला. अंगात बनियन, गळ्यात टॉवेल, चालताना उजवा पाय थोडा ओढत. पाय ओढताना पाहून रामचंद्रला बरं वाटलं, आणि बरं वाटल्याचं वाईट वाटलं नाही.

त्याने इकडचं तिकडचं न बोलता सरळ विचारलं. त्या दिवशी बोट टेकलं होतं का?

अंबाजीने टॉवेलने तोंड पुसलं आणि कोकिळा वाल घेऊन आत जाईपर्यंत थांबला. मग म्हणाला, “टेकलेलं.”

रामचंद्रला आधी ऐकू आलं तेच खरं वाटेना. इतकी वर्षं ज्याच्यासाठी जीव जाळला ती गोष्ट हा माणूस भाजीचा भाव सांगावा तशी सांगत होता. त्याच्या तोंडून फौजेची सगळी वर्षं गळून पडली.

“मंग तवा का न्हाय बोललास?”

“गाव खांद्यावं घेऊन नाचत व्हता, रामा. खांद्यावं बसलेला मानूस काय बोलनार?”

आणि मग अंबाजी बोलत सुटला. जिला रामचंद्र कीर्ती समजत होता तिच्यापायी त्याने काय काय भोगलं होतं ते ऐकण्यासारखं होतं. आधी आधी शब्दाचा अर्थ होता अंबाजीने धरला. वर्षं गेली तसा तो उलटला. आता अंबाजी म्हणजे जो अडकला तो, ज्याचं फसलं तो. मिठागर बंद पडलं तेव्हा मुकादम त्याच्यासमोर म्हणाला, चला, मिठागराचा अंबाजी झाला, आणि सगळे हसले. परेशच्या लग्नाची पहिली बोलणी मोडली तेव्हा मुलीकडच्यांनी हाच शब्द वापरला, मग कळल्यावर माफी मागितली. आणि आता नात भाविका कॉलेजात कबड्डी खेळायची. ती चढाईला गेली आणि धरली गेली की समोरच्या पोरी ओरडायच्या, अंबाजी, अंबाजी. तिने महिन्यापूर्वी खेळणं सोडलं. आजोबांना कारण सांगितलं नाही, पण आजोबांना कळलं.

“धरला कोन गेला? तू,” अंबाजी म्हणाला. “आन नाव कुनाचं परलं? माझं. ह्यो कुठला न्याव? तू रजेवं यायचास, इस्त्रीची कापरं, ती तुझी काली पेटी. मी मिठाच्या ढिगामागं जाऊन बसायचो, तुझी गारी गेली का मंग बाहेर यायचो. मी हितंच अडकलो, आन लोक पन माझं नाव घेऊन तेच बोलतात. तू लिव रामा. तुझं लिवलेलं लोक मानतील. बोट टेकलेलं, अंबाजीनी कुनाला धरलाच नव्हता. माझं नाव सोडव त्यातून.”

खोटं कशाला सांगा, मिठाच्या ढिगामागची गोष्ट ऐकून रामचंद्रला जो आनंद झाला तो त्याला कर्नलचं पद मिळालं त्या दिवशीही झाला नव्हता. म्हणजे इतकी वर्षं हाही जळत होता. दोघे एकमेकांकडे बघून जळत होते आणि मधली खाडी दोघांनाही वारा घालत होती. लिहितो, असं सांगून तो उठला आणि घरी शीळ घालत आला.

सकाळी कागद पुढे ओढला. ‘प्रत्यक्ष पकड करणाऱ्या खेळाडूने प्रस्तुत लेखकास सांगितले की,’ इथपर्यंत मजकूर आला आणि लेखणी थांबली. कारण त्याची स्वतःचीच शिस्त आडवी आली. साक्षीदार एकच. त्या साक्षीदाराला काय हवंय? नाव सोडवून घ्यायचंय. बोट टेकलं नसतं तरी तो हेच बोलला असता. शिवाय, ज्या पंचाला उत्तर देता येत नाही त्याला खोटं पाडायचं, तेही अशा साक्षीवर? फौजेत एखाद्या कॅप्टनने असा चौकशी अहवाल आणला असता तर रामचंद्रने तो त्याच्या तोंडावर परत केला असता. तीन दिवस तो चिडचिड करत फिरला. ज्याची आयुष्यभर भीक मागितली ते अंबाजीने ओंजळ भरून दिलं, आणि ते घेता येत नव्हतं. हातात देऊनही याने आपल्याला अडवलंच, असं त्याला वाटलं आणि पुन्हा अंगाचा तिळपापड झाला.

शेवटी त्याने परिच्छेद लिहिला आणि नेत्राला वाचून दाखवला. पंचाचा निर्णय बाद असा होता. पकड करणारे श्री. घरत यांच्या मते बोट रेषेस टेकले होते. मात्र या म्हणण्यात त्यांचा स्वार्थ आहे, हे वाचकांनी ध्यानात घ्यावे.

“आणि तुमचा?” नेत्राने विचारलं.

तो उठून गच्चीवर गेला, पुन्हा खाली आला, आणि बसून पुढचं लिहिलं. ते लिहायला त्याला सगळी दुपार लागली.

दुसऱ्या दिवशी तो कागद घेऊन अंबाजीकडे गेला. त्याला वाटत होतं, अंबाजी भडकेल. स्वार्थाचं वाक्य आलं तेव्हा अंबाजी म्हणालाच, “म्हंजे मी खोटा?” रामचंद्रने त्याला हाताने थांबवलं आणि पुढचं वाचलं. ‘लिहिणाऱ्याचाही स्वार्थ तोच आहे, कारण त्या दिवशी धरला गेलेला खेळाडू म्हणजे प्रस्तुत लेखक रामचंद्र थळे. तेव्हा पंचाचा निर्णय मानावा. थळे बाद. शेंदरखारात जो शब्द रूढ आहे त्याचा मूळ अर्थ फसणे असा नाही. विद्यापीठाच्या संघातला चढाईपटू रेषेपाशी आला असता त्याला एकट्याने धरणे, असा आहे.’

गावाबाहेरच्या एकाही माणसाला रामचंद्रने हे आजवर सांगितलं नव्हतं. पलटणीत नाही, पुण्यात नाही. वाचताना त्याचे कान तापले.

अंबाजीने शेवटचं वाक्य परत वाचायला लावलं. मग म्हणाला, भाविकेला दाखव. आणि मग तो ओट्याच्या कडेला बसला. कोकिळा विहिरीवर गेली होती, घरात कुणी नव्हतं.

“रामा,” तो म्हणाला, “बोट टेकलेलं का न्हाय, मना न्हाय ठावं. त्या दिशी तुला सांगितलं ते नाव सुटावं म्हनून. तुला धरला तवा माझे डोले मिटलेले व्हते.”

“डोळे का मिटलेस?”

“भ्यालेलो. तू वळलास तो माझ्याच अंगावं. तुझी टांग मना ठावं व्हती, दोन वरसं तुझ्याबरबर खेळलेलो मी. वाटला, आता छातीत बसतं. डोले मिटले आन हात पुरं टाकला. हाताला काय लागलं ते घट धरून ठेवलं.” त्याने रामचंद्रकडे पाहिलं. “तुझ्याइतका मी कुनाला भ्यालो न्हाय. पन ह्यं लिवू नको. कोकिळेला पन ठावं न्हाय.”

सगळ्या जगाला ओरडून सांगावं असं एकच वाक्य रामचंद्रला आयुष्यात मिळालं होतं, आणि ते सांगू नको असं सांगणारा म्हातारा हात जोडून समोर बसला होता. रामचंद्रने शब्द दिला, आणि दिल्या क्षणी त्याला पस्तावा झाला.